अकासेन चिताई : कर्जाच्या हिशेबातली माणसे



'अकासेन चिताई' (१९५६) हा केंजी मिझोगुची या जपानी दिग्दर्शकाचा अखेरचा चित्रपट. नावाचा अर्थ 'लाल रेषेचा भाग'. पोलिसांच्या नकाशावर वेश्यावस्तीभोवती लाल रेषा असे, त्यावरून हे नाव. कथा घडते टोकियोच्या योशिवारा वस्तीत, 'ड्रीमलँड' नावाच्या कुंटणखान्यात. त्याच वेळी संसदेत वेश्याव्यवसायबंदीच्या विधेयकावर चर्चा चालू आहे.

चित्रपट पाहताना चांगले कोण, वाईट कोण हे शोधू नका. कोणती बाई कोणासाठी कमावते, एवढेच वहीत टिपत जा. हानाएला क्षयाने आजारी, बेकार नवरा आणि तान्हे मूल पोसायचे आहे. विधवा युमेकोने मुलाला वाढवले. कमावता झाल्यावर तोच तिला नाकारतो. योरिए लग्न करून बाहेर पडते, पण नवऱ्याला फुकट राबणारी बाई हवी होती हे कळल्यावर परत येते. मी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून मला इथे बंद परिपथ आठवतो : प्रवाह कुठूनही निघाला तरी फिरून तिथेच येतो.

या परिपथातून सुटते एकटी यासुमी. कशी? सोबतिणींना व्याजाने पैसे देऊन आणि गिऱ्हाइकाला लग्नाच्या आशेवर लुबाडून. शेवटी ती गाद्यांच्या दुकानाची मालकीण होते. म्हणजे सुटायचे, तर आधी सावकार व्हायचे!

मालक बायकांना पुन्हा पुन्हा ऐकवतो की सरकार तुमच्यासाठी काही करत नाही, तुमचा सांभाळ आम्हीच करतो. हे सरळ खोटे असते तर खोडणे सोपे होते. बाहेर आधार नाही, हे खरेच आहे. पण त्याच निराधारपणावर त्याचा धंदा चालतो, हे तो सांगत नाही. मिझोगुची त्याला खलपुरुष करत नाहीत, आणि म्हणूनच तो जास्त अस्वस्थ करतो.

दोष नाहीत असे नाही. युमेकोला वेड लागण्याचा प्रसंग मला भडक वाटतो. शेवट मात्र विसरता येत नाही. कोवळ्या शिझुकोला रंगवून, सजवून पहिल्यांदा दारात उभे केले जाते. ती भिंतीआड अर्धा चेहरा लपवते आणि चाचरत हाताने गिऱ्हाइकाला खुणावते. तिथेच चित्रपट संपतो.

चित्रपटात विधेयक फेटाळले जाते. प्रत्यक्षात चित्रपट मार्चमध्ये प्रदर्शित झाला आणि मे १९५६ मध्ये कायदा संमत झाला. ऑगस्टमध्ये मिझोगुची वारले. कायदा हवाच होता. पण तुमच्या वहीतल्या नोंदी पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा : दार बंद झाल्यावर हानाएच्या मुलाचे दूध कोण आणणार? या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. ते आपल्याला शोधायचे आहे.