वॉन्डल: नदीचं नाव असलेलं कापड

वॉन्डल ही लंडनच्या दक्षिणेकडची छोटी नदी. क्रॉयडन-कार्शल्टनच्या बाजूला उगम, वॉन्ड्सवर्थला थेम्समध्ये शेवट, लांबी जेमतेम 14 किलोमीटर. पण तपकीर, तांबं, कागद, कातडं, छापील सुती कापड... तिच्या पाण्यावर किती धंदे चालले! विल्यम मॉरिसने 1881मध्ये आपला कारखाना तिच्याच काठी, मर्टन ॲबेला आणला आणि 1884मध्ये एका छापील कापडाला ‘वॉन्डल’ हे नाव दिलं. मुलीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की नदी छोटी आहे, पण आपल्याला मदत करते, म्हणून तिच्या मानासाठी नक्षी भरघोस करायची.

हे पत्र वाचलं की कापडावरचे तिरपे, वळत जाणारे देठ दिसतात आणि आपण ‘नदीचा प्रवाह’ असं लिहून मोकळे होतो. जरा थांबा. हीच तिरपी मांडणी मॉरिसच्या ‘वे’ आणि ‘क्रे’ या कापडांतही आहे. शिवाय अभ्यासक तिचं मूळ दाखवतात ते एका जुन्या इटालियन मखमलीत. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने ती 1883मध्ये घेतली होती. मग नावाची चिठ्ठी काढली तर नक्षीत नदी किती उरते? माझ्या मते फार थोडी.

नदी आहे ती निळ्या रंगात. कापड आधी निळीच्या हौदात बुडवायचं, मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं द्रव्य छापून हव्या तिथली नीळ काढायची, धुवायचं. मग लाल, मग पिवळा, आणि दरवेळी पुन्हा धुणं. (त्या काळी युरोपात जाणारी बरीचशी नीळ आपल्याकडची, हे जाता जाता.) ‘वॉन्डल’मध्ये रंग जास्त आणि आकार मोठे, म्हणजे धुणंही तेवढंच. कापड देखणं आहे यात वाद नाही. पण ते पुरावा म्हणून वापरायचं असेल तर देठांपेक्षा या धुण्यावर लिहा.

आणि पत्रही नीट वाचा. नदीने कारखान्याला काय दिलं, एवढंच त्यात आहे. धुतलेलं रंगीत पाणी पुढे कुणाच्या गिरणीपाशी गेलं, यावर पत्र गप्प आहे, कापडही. त्यासाठी खालच्या अंगाच्या गिरण्यांचे भाडेकरार आणि पाण्यावरून झालेले दावे शोधावे लागतील.