महासाथ, अन्नपुरवठा आणि डिजिटल तंत्रज्ञान : एक चिकित्सा

कोविड-१९ नंतर शेतमालाच्या पुरवठासाखळीविषयी जे विपुल लेखन झाले, त्यात एक गृहीतक वारंवार आढळते. साखळी खंडित झाली ती माहितीच्या अभावी. सबब ई-बाजार, मोबाइल अ‍ॅप, ब्लॉकचेन यांचा अवलंब केल्यास पुढील साथीत ती शाश्वत राहील, असे ते गृहीतक होय. २०२० च्या अनुभवाच्या, विशेषतः महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अन्नधान्य, भाजीपाला व दूध यांना आदेशातच सूट होती. केंद्र शासनाने डिजिटल उपायही त्वरेने योजले, हे मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-नाम’ अर्थात राष्ट्रीय कृषी बाजाराच्या व्यासपीठावर २ एप्रिल २०२० रोजी नव्या सुविधा आल्या. बाजार समितीच्या आवारात माल न आणता शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रातून, अथवा गोदामातील मालाची इलेक्ट्रॉनिक पावतीच्या आधारे विक्री करण्याची सोय झाली. १७ एप्रिलला शेतकरी व वाहतूकदार यांची गाठ घालून देणारे ‘किसान रथ’ अ‍ॅप आले. गर्दी टाळून व्यवहार चालू ठेवण्याची ही कल्पना तत्त्वतः निर्दोष होती.

मग अडले कोठे? मुंबईचा भाजीपाला ज्या वाशीच्या बाजारातून जातो, तो मे २०२० मध्ये आठवडाभर बंद ठेवावा लागला. त्याचे कारण भावाची माहिती नव्हती असे नाही, तर आवारात पसरलेला संसर्ग हे होते. तेथील माथाडी कामगारांत साताऱ्याकडील मंडळींचा भरणा मोठा. भीतीपोटी ज्यांनी गाव गाठले, त्यांची जागा कोणते अ‍ॅप घेणार? लिलावाची बोली संगणकावर लागू शकते, पण पोते पाठीवरूनच उतरते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्या श्रमिकाला ओळख दिली, तो ‘स्मार्ट पुरवठासाखळी’च्या आकृत्यांत बहुधा नसतोच. (आमच्या चर्चासत्रांतील शोधनिबंधही याला फारसे अपवाद नाहीत.) नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारांनाही भाव ठाऊक नव्हता असे नाही. तोडणीला मजूर नव्हते, ग्राहकपेठा बंद होत्या, आणि वेलीवरचा माल थांबणारा नव्हता. अनेकांनी तो बेदाण्याकडे वळवला. त्यांना ज्याने तारले ते तंत्रज्ञान जुनेच, सुकवणीच्या शेडचे होते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. कांद्याचा व्यापारी पत्ती, रंग, आकार हाताळून पाहतो आणि मगच बोली लावतो. दूरच्या खरेदीदाराने न पाहता बोली लावावी, तर प्रतवारी करणारी यंत्रणा आणि तिच्या निकालाला उभयपक्षी मान्यता हवी. पडद्यावर दिसणारा आकडा ही मान्यता निर्माण करत नाही. ती आधी असावी लागते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठीची ‘ग्रेपनेट’ ही प्रणाली याचे बोलके उदाहरण आहे. तिच्यामागे बागेची नोंदणी, कीटकनाशक-अंशांची प्रयोगशाळेतील तपासणी व मान्यताप्राप्त पॅकहाउस अशी संपूर्ण व्यवस्था उभी आहे. संगणक केवळ तिची नोंद ठेवतो. टाळेबंदीत मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने शहरांतील गृहसंकुलांना फळे-भाज्यांच्या टोपल्या घरपोच दिल्या, त्याचे श्रेय ऑनलाइन मागणीला देण्याचा मोह होतो. वस्तुतः संकलन, प्रतवारी व शीतगृह यांची क्षमता त्यांनी आधीच्या वर्षांत कमावलेली होती. जेथे ती नव्हती, तेथे शेतकऱ्याच्या हाती अ‍ॅप असूनही माल शेतातच राहिला.

साखळीचे दुसरे टोक उपभोक्त्याचे. अन्नसाठा पुरेसा असूनही माणसे भुकेली राहू शकतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले. तरीही डिजिटल चर्चा बहुतांशी उत्पादकाच्या टोकापाशीच थांबते. शिधापत्रिकाधारकाची ओळख पटवणारे अंगठ्याचे यंत्र हा सार्वजनिक वितरणातील सर्वांत मोठा डिजिटल प्रयोग. साथीत नेमका तोच, शेकडो हातांचा स्पर्श होणारा, धोका ठरला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांना लाभार्थ्याच्या अंगठ्याची अट शिथिल करावी लागली. याउलट कोणत्याही राज्यातील दुकानात धान्य मिळवून देणारी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ही संगणकाशिवाय अशक्य होती आणि साथीच्या दृष्टीने तीच खरी मोलाची. परंतु १ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रासह ज्या बारा राज्यांत ती जोडली गेली, त्यांत उत्तर प्रदेश व बिहार नव्हते. मुंबई-ठाण्यातील स्थलांतरित मजुरांत ज्यांची संख्या मोठी, ती ही दोन राज्ये १ मे २०२० रोजी समाविष्ट झाली. तोवर टाळेबंदीचे पाच आठवडे उलटले होते, आणि कितीतरी मजूर पायी गावाकडे निघालेले होते.