निकाल अमलात कोण आणतो?

प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. या न्यायालयांकडे ना पोलीस, ना तुरुंग; मग सरकारं त्यांचं ऐकतील कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात कायद्याविषयीची एक कल्पना दडलेली आहे, ती आज तपासू. ऑस्टिनने एकोणिसाव्या शतकात ती मांडली. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि आज्ञेमागे शिक्षेचा धाक. आंतरराष्ट्रीय कायद्यामागे असा धाक नाही, म्हणून ऑस्टिन त्याला नीतीच्या खात्यात टाकतो.

आता ही कल्पना एका प्रकरणाला लावून पाहू. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांची ‘सॅडेक’ ही संघटना. तिचं न्यायाधिकरण नामिबियात, विंडहोकला होतं. झिम्बाब्वेने २००५ साली घटनादुरुस्ती करून शेतजमिनी ताब्यात घेतल्या आणि त्याविरुद्ध कोर्टात जायची वाटच बंद केली. माइक कॅम्पबेल आणि इतर गोरे शेतकरी न्यायाधिकरणाकडे गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल लागला : शेतकऱ्यांना दाद मागू दिली नाही, वंशभेद झाला, भरपाई द्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वसाहतकाळात गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनीचा प्रश्न खराच होता. न्यायाधिकरणानेही म्हटलं होतं की जमिनी खरोखर गरीब, भूमिहीन लोकांना गेल्या असत्या तर वंशभेदाचा निष्कर्ष वेगळा निघू शकला असता.

झिम्बाब्वेने निकाल धुडकावला. नियमाप्रमाणे न्यायाधिकरणाने सॅडेकच्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेला कळवलं. परिषदेने काय केलं? २०१० साली न्यायाधिकरणच स्थगित केलं! पुढे २०१४ च्या नव्या करारात व्यक्तीला तिथे दाद मागायची सोयच ठेवली नाही. म्हणजे चोराची तक्रार चोराच्या भाऊबंदांकडे. ‘निर्बंध अधिक कडक करा’ असं सुचवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की ते लादणार कोण? तेच राष्ट्रप्रमुख ना?

ऑस्टिनचं खरं असतं तर गोष्ट इथे संपली असती. पण शेतकरी निकाल घेऊन देशोदेशीच्या न्यायालयांत गेले. हरारेच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये न्यायाधिकरणाचा अधिकार मान्य केला, पण अंमलबजावणी देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध जाते म्हणून नाकारली. दक्षिण आफ्रिकेत उलट घडलं. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१३ मध्ये न्यायाधिकरणाचा खर्चाबाबतचा आदेश अमलात आणण्याजोगा ठरवला. २०१५ मध्ये केपटाउनमधलं झिम्बाब्वे सरकारचं एक घर लिलावात विकलं गेलं. आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने, न्यायाधिकरण मोडीत काढण्यातला आपल्याच राष्ट्राध्यक्षांचा सहभाग घटनाबाह्य ठरवला. न्यायाधिकरण बंद पडलं होतं, निकाल मात्र चालत राहिला.

यात धाक कुणाचा होता? कुणाचाच नाही. हार्ट १९६१ साली ऑस्टिनवर टीका करताना हेच सांगतो : कायदा टिकतो तो अधिकारपदावरची माणसं एखादा नियम स्वतःच्या वागण्याचा निकष म्हणून स्वीकारतात तेव्हा. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायाधीशांनी तो स्वीकारला, आणि मग लिलाव नेहमीच्याच यंत्रणेने पार पाडला.

या यशाची मर्यादाही सांगायला हवी. वसूल झाला तो खटल्याचा खर्च. जमीन परत मिळाली नाही. एका घराच्या लिलावाने न्याय झाला असं कुणी म्हणू नये. पण अंमलबजावणीची कडी कुठे अडकवायची, हे मात्र या प्रकरणाने दाखवलं. ती राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीत अडकवली की सुटते. देशांतर्गत न्यायालयात अडकवली तर निदान धरून राहण्याची शक्यता असते.

आपल्याकडे काय? सार्कला असं न्यायालयच नाही. द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतच घ्यायचे नाहीत, असं त्याची सनद म्हणते. तरी १९९७ च्या विशाखा निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. तेव्हा ‘बाहेरच्या निकालाला विचारतो कोण?’ असं कुणी म्हटलं, तर आपण उलट विचारावं : आपल्या न्यायाधीशांनी, वकिलांनी तो हातात घेतला का?