‘आनंद दुसऱ्यांवर अवलंबून असतो’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी



मागच्या महिन्यात सल्लागार समितीसमोर माझं सादरीकरण झालं. तिसऱ्याच स्लाइडवर मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं : ‘चांगले नातेसंबंध ही आनंदाची आवश्यक अट आहे (डीनर व सेलिगमन, २००२).’ समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “आवश्यक अट म्हणजे एकही अपवाद नाही. किती लोकांवरून म्हणतेस हे?”

मी म्हणाले, “२२२.”

“त्यातले खूप आनंदी किती?”

मला सांगता येईना. खरं तर उत्तर गोषवाऱ्यातच होतं, फक्त एक भागाकार करायचा होता. २२२ चे वरचे १० टक्के म्हणजे साधारण २२. माझं अख्खं वाक्य बावीस जणांवर उभं होतं आणि ते मला समितीसमोर उभं राहिल्यावर कळलं.

घरी येऊन पेपर पुन्हा वाचला, या वेळी नीट. या लेखात त्या पेपरची चिकित्सा करायची आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत आहात. माझी चूक तुमच्या कामाला आली तर बरंच.

पेपर काय सांगतो?

एड डीनर आणि मार्टिन सेलिगमन यांचा ‘व्हेरी हॅपी पीपल’ हा लेख २००२ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. मानसशास्त्र तोवर दुःखी माणसांचा अभ्यास भरपूर करत होतं, यांनी उलट टोकाची माणसं घेतली. २२२ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधून सातत्याने अतिशय आनंदी असलेले १० टक्के निवडले आणि त्यांची तुलना मध्यम आणि अतिशय दुःखी गटांशी केली.

निष्कर्ष थोडक्यात असे. अतिशय आनंदी विद्यार्थी माणसांत जास्त रमणारे होते आणि त्यांची नाती अधिक घट्ट होती. ते जास्त बहिर्मुख होते, त्यांच्यात चिंताळूपणा कमी होता. व्यायाम किंवा धार्मिक गोष्टींत सहभाग यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. त्यांच्या आयुष्यात चांगल्या घटना जास्त घडत होत्या, असंही नाही. त्यांनाही अधूनमधून वाईट वाटायचं. लेखकांनी शेवटी म्हटलं की एकही घटक आनंदासाठी पुरेसा नाही, पण चांगली नाती मात्र आवश्यक आहेत.

या पेपरचं एक बलस्थान आधी सांगायला हवं, नाहीतर चिकित्सा म्हणजे नुसती खोडी काढणं होतं. आनंदी कोण हे त्यांनी एका प्रश्नावलीवर ठरवलं नाही. स्वतःचं उत्तर, रोजच्या नोंदी, जवळच्या माणसांनी दिलेली माहिती अशा अनेक चाळण्या लावल्या. परीक्षेत पेपर चांगला गेला म्हणून त्या दिवशी ‘मी खूप आनंदी’ लिहिणारा यातून गळतो. एवढी मेहनत आजही फार थोडे अभ्यास घेतात.

पहिला आक्षेप : बावीस जण

‘अ ही ब ची आवश्यक अट’ म्हणजे ब असलेल्या प्रत्येकाकडे अ असलाच पाहिजे. म्हणून हे तपासताना उपयोगाचे फक्त ब असलेले लोक, म्हणजे इथे ते बावीस. उरलेले दोनशे या विधानापुरते बाजूला.

आता वहीवर एक गणित करा. समजा, जगातल्या अतिशय आनंदी माणसांपैकी खरोखर ५ टक्के लोक एकलकोंडे आहेत. मग यादृच्छिक निवडलेल्या बावीस जणांत असा एकही न सापडण्याची शक्यता ०.९५ चा बाविसावा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. एकलकोंडे १० टक्के धरले तरी ही शक्यता जवळपास १० टक्के उरते. म्हणजे अपवाद जगात असूनही नमुन्यात न दिसणं अगदी सहज शक्य आहे.

सेलिगमन यांनी ‘ऑथेंटिक हॅपिनेस’ या पुस्तकात आणखी एक तपशील दिलाय. त्या वरच्या गटातले एक सोडून सगळे प्रेमसंबंधात होते. तो एक जण नसता तर? ‘आनंदासाठी जोडीदार आवश्यक’ असंही कुणीतरी लिहिलं असतं. एका माणसाने एक अट मोडली. दुसरी अट मोडणारा तेविसावा कदाचित नमुन्यात आलाच नाही.

२०१८ मध्ये या दोघांनी आणखी दोन सहलेखकांसह जगभरच्या सर्वेक्षणाची माहिती घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. मूळ पेपर उद्धृत करायचा असेल तर हा दुसराही वाचायलाच हवा. मी वाचला नव्हता.

दुसरा आक्षेप : कोणामुळे कोण?

मित्र आहेत म्हणून माणूस आनंदी, की आनंदी आहे म्हणून मित्र जमतात? रडव्या चेहऱ्याच्या माणसाबरोबर चहाला जायला कुणाला आवडतं? शिवाय बहिर्मुख स्वभाव दोन्ही गोष्टी देत असेल, ही तिसरी शक्यता आहेच. गटांच्या अशा तुलनेतून यातली कुठली बरोबर, हे ठरत नाही. पेपरमध्ये ‘आवश्यक’ आहे, ‘कारण’ नाही. माझ्या स्लाइडवरही ‘आवश्यक’च होतं, पण तोंडाने समजावताना मी तीन वेळा ‘नात्यांमुळे आनंद’ म्हणाले. अशी घसरण आपल्या सगळ्यांची होते.

मोजण्याच्या पद्धतीतही एक गुंता आहे. जवळच्या माणसांकडून माहिती घेणं ही चाळणी म्हणून उत्तम. पण इथे प्रश्नच ‘जवळची माणसं लागतात का’ हा आहे. ज्याला जवळचं कुणी नाही, त्याच्याबद्दल फॉर्म कोण भरणार? जे शोधायचंय ते मोजपट्टीतच शिरलेलं नाही ना, हे प्रत्येकाने आपापल्या साधनाबाबत विचारावं.

तिसरा आक्षेप : ‘दुसरे’ म्हणजे कोण?

हा आक्षेप मला कुठल्या पेपरने शिकवला नाही, माझ्या आत्याने शिकवला. प्रश्नावलीची मराठी विधानं कानाला कशी लागतात हे बघायला मी तिला वाचून दाखवत होते. पहिलं विचारलं, “आत्या, तुझं सुख दुसऱ्यांवर अवलंबून आहे का गं?”

“छे! मी कुणावर नाही अवलंबून. माझी पेन्शन आहे मला.”

मी ‘अजिबात सहमत नाही’ वर खूण केली. पुढे आयुष्याबद्दलच्या समाधानाचं विधान आलं, एक ते सातमध्ये आकडा सांगायचा. ती थांबली. म्हणाली, “आत्ता काय सांगू बाळा? धाकट्याचं लग्न ठरू दे, मग विचार. तोवर चारच लिही.”

मी म्हटलं, “अगं, आत्ताच म्हणालीस ना, दुसऱ्यांवर अवलंबून नाही?”

“मग? धाकटा दुसरा आहे का?”

माझ्या प्रश्नावलीतले दोन शब्द तिने दोन मिनिटांत मोडीत काढले. ‘अवलंबून’ म्हटलं की मराठी कानाला ‘परावलंबी’ ऐकू येतं, पैशासाठी किंवा उठण्याबसण्यासाठी कुणाच्या हाताखाली असणं. त्याला कोण हो म्हणेल? आणि ‘दुसरे’ म्हणजे घराबाहेरचे. मुलगा ‘दुसऱ्यां’त मोजलाच जात नाही. तिचं पहिलं ‘नाही’ खरं होतं आणि नंतरचा चारही खरा होता. चुकला होता तो माझा प्रश्न.

अभ्यासात हे नवं नाही. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ मधल्या लेखात स्व-कल्पनेचे दोन प्रकार मांडले. एका प्रकारात ‘मी’ ही इतरांपासून वेगळी, स्वयंपूर्ण गोष्ट असते. दुसऱ्यात ‘मी’ नात्यांनीच घडलेला असतो. हे मान्य केलं तर आपला मूळ प्रश्नच डळमळतो. ‘माझा आनंद दुसऱ्यांवर अवलंबून आहे का’ असं विचारताना आपण ‘मी’ कुठे संपतो आणि ‘दुसरे’ कुठे सुरू होतात, हे आधीच ठरवून बसलेलो असतो.

पण इथेही थांबा. हा लेख वाचला की आपल्याकडे लगेच लिहिलं जातं, ‘भारतीय स्व हा परस्परावलंबी असतो.’ मार्कस-कितायामांनी वापरलेला पुरावा बराचसा जपान आणि अमेरिकेतला होता, आणि त्यांच्या मांडणीवर पुढे भरपूर टीकाही झाली. विन्योल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक देशांतल्या माहितीवरून दाखवलं की पूर्व-पश्चिम असे दोन कप्पे पुरत नाहीत, स्व-कल्पनेच्या निदान सात वेगवेगळ्या मिती धराव्या लागतात. एकीत स्वतंत्र असलेला माणूस दुसरीत जोडलेला असू शकतो. आत्याच बघा ना. पैशाच्या बाबतीत कुणाचं ऐकणार नाही, आणि मुलाच्या लग्नावर समाधानाचा आकडा अडलेला. तिला कुठल्या कप्प्यात टाकणार?

मग काय बदललं?

क्वान, बाँड आणि सिंगेलिस यांचा १९९७ चा अभ्यास मला इथे जास्त उपयोगी वाटला. हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या जीवनसमाधानाचा अंदाज त्यांनी स्वाभिमान आणि नात्यांमधला सलोखा या दोन्ही बाजूंनी एकत्र घेतला. दोन्ही घटक दोन्हीकडे लागू पडले, फक्त वजनं वेगळी निघाली. अमेरिकेत सलोख्याच्या तुलनेत स्वाभिमानाला जास्त वजन मिळालं. ‘अवलंबून आहे की नाही’ ऐवजी ‘किती आणि कुठल्या वाटेने’ असं विचारलं की उत्तराला हात घालता येतो.

मी आराखड्यात तीन बदल केले. ‘दुसरे’ हा शब्द काढून घरचे, मित्र, शेजारी आणि सहकारी असे वेगळे गट केले. ‘अवलंबून’ फोडलं : अडचणीत मदत मिळणं, सोबत आवडणं, आणि त्यांच्या सुखदुःखाने आपलं सुखदुःख हलणं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला नाही म्हणणारी व्यक्ती तिसरीला हो म्हणू शकते. तिसरा बदल त्या स्लाइडवर. आता तिथे असं आहे : ‘अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका लहान गटात अतिशय आनंदी असणं आणि चांगली नाती असणं सोबत आढळलं.’ वाक्य लांब झालं, रुबाब गेला. पण पुढच्या वेळी कुणी ‘किती जणांवरून?’ विचारलं तर मला उत्तर देता येईल.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर माणसं लागतातच असं मला अजूनही वाटतं. हॉस्टेलवरची चार वर्षं हा माझा पुरावा. पण तो माझा पुरावा आहे, थिसिसचा नाही.

आज एक करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात ठाम वाक्य शोधा, त्यामागचा पेपर उघडा आणि त्या वाक्यासाठी खरोखर किती माणसं मोजली गेली ते समासात लिहा. मग तेच वाक्य घरातल्या कुणाला तरी मराठीत वाचून दाखवा. त्यांनी उलट प्रश्न विचारला तर चिडू नका, लिहून घ्या.