थंड पेयांतील पंक्तिभेद

खाण्यापिण्याच्या आवडीनिवडीवर टीकाकाराने लेखणी चालवावी की नाही, ह्याविषयी आपल्या विद्वान मंडळींत फारसा वाद झालेला नाही. कारण हा विषय टीकेच्या योग्यतेचा आहे, असेच मुळी कोणास वाटलेले नाही. जिभेला रुचेल ते प्यावे, त्यात मीमांसा कसली, असे म्हणून तो उरकला जातो. परंतु जीभ जितकी आपली स्वतःची आहे असे आपण समजतो, तितकी ती असते काय? पाहुण्यापुढे काय ठेवावे, पोस्टमनला काय द्यावे, आणि स्वतः एकटे असताना काय प्यावे, हे तिन्ही प्रश्न एकाच घरात तीन निरनिराळ्या रीतींनी सुटतात. ते जर जीभ सोडवीत असती, तर उत्तर एकच आले असते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक जाहिरातमाला निवडली आहे. जाहिरात हे वाङ्मय नव्हे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तथापि ज्या चार शब्दांनी कोट्यवधी लोकांच्या तोंडी आपले घर केले, त्यांची दखल टीकेने घेतली नाही, तर टीकेने घ्यावयाची तरी कोणाची?

सन २००२-०३ च्या सुमारास कोका-कोला कंपनीने दूरचित्रवाणीवर जी माला दाखविली, ती वाचकांच्या स्मरणात असेल. ‘ठंडा मतलब कोका-कोला’ हे तिचे ध्रुपद. लेखणी प्रसून जोशी ह्यांची व अभिनय आमिर खान ह्यांचा. एकच नट कधी मुंबईचा टपोरी होतो, कधी हैदराबादचा दुकानदार, तर कधी पंजाबचा शेतकरी. ह्या शेवटच्या भागात तहानेने व्याकुळ झालेल्या शहरी तरुणी शेतावर येतात. शेतकरी विहिरीतून बादली ओढतो, आणि बादलीत पाण्याऐवजी कोका-कोलाच्या बाटल्या निघतात. त्याच सुमारास, म्हणजे २००३ मध्ये, २०० मिलिलिटरची लहान बाटली ५ रुपयांस मिळू लागली, आणि हे पेय साऱ्या देशाचे, साऱ्या थरांचे आहे, असा ह्या मालेचा एकंदर दावा झाला.

मालेचे जे गुण आहेत ते आधी मान्य केले पाहिजेत. लेखकाचा कान तीक्ष्ण आहे. हैदराबादी हेल, मुंबईची गल्लीतली भाषा, पंजाबी ठसका, हे सर्व इतके नेटके उतरले आहे की, आपल्या कित्येक नाटककारांनी त्यापासून धडा घ्यावा. परंतु ज्या प्रांतांची भाषा एवढ्या मार्मिकपणे टिपली, त्या प्रांतांची चव कोठे आहे? प्रत्येक भागात वेष बदलतो, बोली बदलते, पेय मात्र तेच. प्रांताची बोलण्याची जीभ कंपनीने ठेवली, चाखण्याची काढून घेतली.

शब्दाकडेच पाहा ना. उत्तरेकडे यजमान पाहुण्याला ‘ठंडा की गरम’ असे विचारतो. तेथे विशेषणाचे नाम होऊन गेले आहे, आणि त्या नामावर कंपनीने आपला शिक्का मारला. मराठीत तसे झाले नाही. आपल्याकडे ‘थंड’ हे विशेषणच राहिले; माणसाला लावले तर ती स्तुतीही नव्हे. घरच्या पेयासाठी आपण ‘सरबत’ हा अरबी कुळातला शब्द घेतला, आणि बाटलीसाठी ‘कोल्ड्रिंक’ हा इंग्रजी जोडशब्द आपल्या वळणाने उच्चारून घरचा केला. पण तोही सगळ्या महाराष्ट्रात एका अर्थाने नांदत नाही. कोल्हापुरात कोल्ड्रिंक मागावे, तर पुढे येतो तो दुधाचा, आइस्क्रीम व सुकामेवा घातलेला पेला. ज्या जिल्ह्यात दूध मुबलक, तेथे कोल्ड्रिंकदेखील दुधाचेच व्हावे, ह्यात नवल नाही.

प्रांताची आवड अशी जमिनीतून येते. कोकणात रातांबा आहे, म्हणून पिकलेल्या फळाच्या सालीत साखर भरून उन्हात ठेवलेले अमृत कोकम आहे. मीठ घालून काढलेला आगळ आहे. आणि आगळात नारळाचा रस मिसळून केलेली सोलकढी आहे. देशावर कैरीचे पन्हे, आणि तेही चैत्रात, कारण कैरी चैत्रातली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटल्या डाळीबरोबर ते फिरते. जेथे तेही साधत नाही, तेथे उन्हातून आलेल्या माणसापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. गोव्यात तर उन्हाळ्यात काजूच्या हुर्राकात लिम्का मिसळतात. परक्या बाटलीस स्थानिक कामाला जुंपण्याचा हा एक मासला समजावा. बाटली म्हणजे सर्वत्र एकच चव, असेही पूर्वी नव्हते. सुरतेची सोस्यो ही १९२३ पासूनची. तमिळनाडूची बोव्होंटो निराळी. मुंबईच्या पारशी पंगतीत पालनजींचा लाल रासबेरी सोडा हवाच. ह्या बाटल्या आपापल्या गावाला धरून होत्या. त्यांची नावे घेतली की गाव डोळ्यांपुढे येई.

वर्गाची आवड ह्याहून निराळ्या रीतीने घडते. ती शेजाऱ्याच्या टेबलाकडे पाहून घडते, आणि म्हणून शेजारी बदलला की बदलते. आमच्या पिढीचे बालपण ज्या काळात गेले, त्या काळाचीच गोष्ट घ्या. परकीय चलन नियमनाच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे भारतीय भागीदारी वाढविण्याचा प्रश्न आला, आणि १९७७ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोला कंपनी देश सोडून गेली. तिच्या जागी पार्ल्यांचे थम्स अप आले, कॅम्पा कोला आले, सरकारी ‘डबल सेव्हन’देखील आले. त्या काळी मध्यमवर्गीय घरात बाटली हा प्रसंग असे. खालच्या दुकानातून दोन बाटल्या येत, त्या चार किंवा पाच पेल्यांत वाटल्या जात, आणि रिकाम्या बाटल्या अनामत रक्कम सोडविण्यासाठी जपून परत केल्या जात. लग्नात ज्याच्या पंगतीला बाटल्यांचे क्रेट उतरत, त्याच्या ऐपतीविषयी वेगळे बोलावे लागत नसे. १९९३ मध्ये कंपनी परत आली व तिने पार्ल्यांची पेये विकत घेतली. पुढे पाच रुपयांची बाटली टपरीटपरीवर दिसू लागली. आणि काय झाले? जे पेय रिक्षावाला पितो, त्याची गोडी वरच्या थरातील मंडळींस एकाएकी कमी वाटू लागली. त्यांना साखरेचे भय वाटू लागले. साखर वाईट आहे, ह्याविषयी आमचे वैद्यांशी भांडण नाही. पण ती बाटली दुर्मिळ होती तेव्हाही साखर तितकीच होती, एवढे नोंदवून ठेवतो. आता २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणले, तेही १० रुपयांस २०० मिलिलिटर ह्या भावाने. त्याचे स्वागत कोणत्या थरात झाले व कोणत्या थराने नाक मुरडले, हे वाचकांनी आपल्या आसपास पाहावे.

अँडी वॉरहॉल ह्या अमेरिकन चित्रकाराने १९७५ च्या आपल्या पुस्तकात असा विचार मांडला आहे की, अमेरिकेचा अध्यक्ष जो कोका-कोला पितो तोच रस्त्यावरचा भणंगही पितो, आणि कितीही पैसे टाकले तरी त्याहून चांगला कोका-कोला मिळत नाही. आमच्या जाहिरातमालेच्या मुळाशी हाच विचार आहे. बाटलीतील द्रवापुरता तो खराही आहे. पण पिणे म्हणजे केवळ द्रव घशाखाली उतरणे नव्हे. कोणी दिले, कशातून दिले, आणि भांड्याचे पुढे काय झाले, हेही त्यात येते. निदान आपल्या देशात तरी येते.

म्हणूनच विहिरीतून बाटल्या काढणारा शेतकरी आम्हांस मालेतील सर्वांत दुबळा भाग वाटतो, जरी तो लोकांना सर्वांत अधिक आवडला असला तरी. ह्या देशात विहीर ही निरागस जागा नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ते समाजाशी वैर घेणे होते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने खुले ठरविल्यावरही, डॉ. आंबेडकरांना तेथील ओंजळभर पाणी पिण्यासाठी १९२७ च्या मार्चमध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि पुढचा दावा उच्च न्यायालयात निकालात निघेपर्यंत १९३७ साल उजाडले. त्याच विहिरीत बादली सोडावी आणि हसतखेळत विलायती पेय वर काढावे, ह्यात विनोद आहे. पण बादली कोणाला सोडू देतात हा प्रश्न ज्याला कधी पडला नाही, अशाच माणसाचा तो विनोद आहे.

बाटलीची बाजूही मांडली पाहिजे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा घेतल्याबद्दल जे वादळ उठले, त्यात टिळक व रानडे ह्यांसारख्यांनाही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. कोणाच्या हातचा चहा, हाच त्या प्रकरणाचा गाभा. कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या बाटलीने हा प्रश्न मुकाट्याने मोडीत काढला. ती कोणी भरली, हे आज कोणी विचारीत नाही. काचेची बाटली तर त्याहून पुढे गेली होती. ती शंभर ओठांना लागून, धुऊन, पुन्हा आपल्या ओठांना लागे, आणि जत्रेतला गोळी-सोडा पिताना आपल्या आधी कोण प्याले ह्याचा विचार करणे शक्यच नसे. ज्या गावच्या हॉटेलात काही लोकांसाठी कपबशी वेगळी असे, त्याच गावात सोड्याची बाटली मात्र एकच असे. सुधारकांनी जे व्याख्याने देऊन साधले नाही, ते ह्या बाटलीने थोडेफार साधले, असे म्हणण्यास आमची हरकत नाही.

परंतु काचेची बाटली गेली आणि प्लॅस्टिकची आली. तिचा सोयीस्करपणा सर्वांना दिसतो. तिचा दुसरा गुण आमच्या मते अद्याप कोणी सांगितलेला नाही. ही बाटली परत येत नाही. दिली की ती देणाराच्या घरातून कायमची जाते, आणि म्हणून ती कोणालाही निर्धास्तपणे देता येते. शहरातील सुशिक्षित घरांतून, ज्यांत जातीचे नाव काढणे असभ्य समजतात, कामाला येणाऱ्या बाईची कपबशी आजही कित्येक ठिकाणी वेगळी, ओट्याखाली पालथी घातलेली असते. विचारले तर उत्तर स्वच्छतेचे मिळते. ज्या हातांनी घरातली सर्व भांडी स्वच्छ होतात, त्याच हातांचा पेला तेवढा अस्वच्छ कसा, हे कोडे त्या उत्तराने सुटत नाही. कोणी म्हणेल, हा विषय थंड पेयांच्या चर्चेत ओढून आणला आहे. आम्हांस तसे वाटत नाही. पेयाची निवड आणि पेल्याची निवड एकाच स्वयंपाकघरात, एकाच व्यक्तीच्या मनात होत असते.

इकडे कोकमाचे ग्रह पालटले आहेत. मुंबईचा चाकरमानी पूर्वी मे महिन्यात गावाहून आगळाची बाटली आणी. पण पाहुणा आला की ती फळीवर मागे सरे, आणि खालून गोल्ड स्पॉट मागविले जाई. आता तीच आगळ मोठ्या हॉटेलांत उंच पेल्यातून येते, देखण्या लेबलाखाली चढ्या भावाने विकली जाते, आणि ज्यांच्या आजोळी रातांब्याचे झाड कधी नव्हते तेही तिच्या गुणांविषयी अधिकाराने बोलतात. पाहुणा आला की दिवाणखान्यात कोकम ठेवतात. मुलाच्या वाढदिवसाला आणलेल्या कोका-कोलाच्या मोठ्या बाटलीत तळाशी जो उरतो, बुडबुडे विरलेला, तो दुसऱ्या दिवशी बाटलीसकट भांडी घासून निघालेल्या बाईच्या पिशवीत जातो.