कोणते प्रकरण कोणाचे?

रहस्यकथेच्या वाचकाला एक खोड असते. पुस्तकातले कोडे सुटले की त्याला पुस्तकाबाहेरचे कोडे हवे असते. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वाल्यो या जोडीच्या दहा कादंबऱ्यांनी असे एक कोडे कायमचे मागे ठेवले आहे. त्या कादंबऱ्यांतला खुनी सापडतो, परंतु कोणते प्रकरण बाईंनी लिहिले आणि कोणते बुवांनी, हे मात्र सापडत नाही. (माय हे नाव आपल्या कानाला आईसारखे लागते. त्याचा अर्थाशी काही संबंध नाही, पण वाचताना ते मनातून जात नाही.)

दोघेही पत्रकार. १९६२ साली त्यांची गाठ पडली. त्यांनी विवाह केला नाही, पण संसार केला. पहिली कादंबरी ‘रोझॅना’ १९६५ ची, शेवटची ‘द टेररिस्ट्स’ १९७५ ची. दहाच पुस्तके लिहायची हे आधीच ठरले होते. प्रत्येकात तीस प्रकरणे, म्हणजे सगळी मिळून तीनशे प्रकरणांची एकच दीर्घ कादंबरी, अशी मूळ कल्पना. मुले झोपली की रात्री दोघे लिहायला बसत. आराखडा आधी बोलून पक्का झालेला असे. मग एक प्रकरण एकाने, पुढचे दुसऱ्याने, आणि नंतर कागदांची अदलाबदल करून एकमेकांचे दुरुस्त करायचे. तुझी नको, माझीही नको, अशी तिसरीच शैली त्यांना हवी होती. शेवटचे पुस्तक आले त्याच वर्षी जून महिन्यात वाल्यो वारले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. श्योवाल २०२० पर्यंत जगल्या. त्यांनी अकरावे पुस्तक लिहिले नाही.

ही मालिका आमच्या घरात दोघांनी वाचली. मला जुनी सवय, हातात पेन्सिल. दर प्रकरणाच्या माथ्यावर मी ‘मा’ किंवा ‘पे’ असे बारीक लिहीत गेलो. ‘रोझॅना’च्या आरंभी कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचे प्रेत वर येते. ते गाळ काढायचे यंत्र तिथे येण्यासाठी किती कचेऱ्यांतून किती कागद फिरले, याचे कोरडे, मिस्कील वर्णन तिथे आहे. मी लिहिले ‘पे’. पुढे त्या तरुणीची ओळख पटते. ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावची ग्रंथपाल. तिच्या मित्रमैत्रिणींच्या जबान्या तिकडच्या पोलिसाकडून येतात. त्यांतून स्वतःच्या मर्जीने जगणारी एक बाई उभी राहते, आणि लेखकांचा तिच्याकडे पाहण्याचा सूर कुठेही नाक मुरडणारा नाही. मी लिहिले ‘मा’.

चारपाच पुस्तके अशी झाल्यावर सौ.नी त्या खुणा पाहिल्या. म्हणाली, “अहो, जिथे बाई आहे, मूल आहे, स्वयंपाक आहे, तिथे सगळीकडे ‘मा’. आणि जिथे सरकार आहे तिथे ‘पे’. तुम्ही पुस्तक वाचताय की बायकापुरुषांची कामं वाटून देताय?”

मला उत्तर सुचले नाही. हा दोष माझ्या एकट्याचा नव्हे. ही मालिका वाचणारे पुष्कळ जण असेच मानून चालतात, की मार्क्सवाद त्याचा आणि माणुसकी तिची. वाल्यो कम्युनिस्ट होते, फ्रँकोच्या स्पेनने त्यांना पूर्वी बाहेर घालवले होते, त्यामुळे हा तर्क सोपा होतो. परंतु ज्या बाईने स्वतः पत्रकारिता केली, तिला कचेरीतल्या कागदांचा प्रवास ठाऊक नसेल असे का धरायचे? कल्याणकारी राज्याच्या पोटात डोकावून दाखवायचे हा हेतू दोघांचा होता, असे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. ऐकणारे मात्र त्यांना ‘आठवणी सांगणारी सहचरी’ समजत राहिले. जोडीने लिहिलेल्या साहित्यात बाईच्या वाट्याला हे नेहमी येते, म्हणून हा प्रश्न मला नुसत्या गंमतीचा वाटत नाही.

वाल्यो एकटे काय लिहीत याचा पुरावा आहे. ‘मर्डर ऑन द थर्टी-फर्स्ट फ्लोअर’ (१९६४) ही त्यांची स्वतंत्र कादंबरी. तीत निनावी देश आहे, जेन्सन नावाचा एक पोलिस अधिकारी आहे आणि थंड, काटेकोर रूपक आहे. पुस्तक चांगले आहे, पण त्यात कुणाला साधी सर्दी होत नाही. मार्टिन बेकला ती सतत होते. त्याचे पोट बिघडते, त्याचा संसार मूकपणे मोडत जातो, तो फावल्या वेळात जहाजांच्या प्रतिकृती जोडत बसतो. यावरून सर्दी बाईंनी आणली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. श्योवाल यांनीही १९९० साली टोमास रॉस या डच लेखकाबरोबर एक कादंबरी लिहिली, तिच्यातून बेक काही परत आला नाही. म्हणजे बेक ना याचा, ना तिचा. जात्याच्या एकाच खुंट्यावर दोघींचे हात असले तर पडलेल्या पिठातले कुणाचे किती, हे निवडायला कोण बसते?

गुणांबाबत एक गोष्ट निश्चित सांगता येईल. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड एकट्याच्या हिमतीवर जग जिंकतो. इथे कोणी एकटा जिंकत नाही. कोलबर्ग आहे, कशाचाही विसर न पडणारा मेलांडर आहे, अंगापिंडाने आडदांड लार्सन आहे. ‘द लाफिंग पोलिसमन’मध्ये (१९६८) स्टॉकहोमच्या बसमधल्या गोळीबारात त्यांचाच एक तरुण सहकारी मरतो, आणि तो त्या बसमध्ये कशाला गेला होता हे कुणालाच ठाऊक नसते. त्याच्या मेजाचे खण उघडून शोध सुरू होतो. इंग्रजी भाषांतराला १९७१ चा एडगर पुरस्कार मिळाला. शोध म्हणजे बुद्धीची चमक नव्हे, तर पुष्कळांनी मिळून केलेले कंटाळवाणे काम, ही जाणीव एकट्याने लिहिणाऱ्या अमेरिकन एड मॅकबेनकडेही आहे. त्याच्या कादंबऱ्या या दोघांनी स्वीडिशमध्ये आणल्या होत्या. परंतु मॅकबेनच्या ठाण्यात नसलेले अवघडलेले मौन इथे आहे. माणसे एका खोलीत बसून काम करतात आणि बोलत नाहीत. हे मौन रात्री एकाच घरात समोरासमोर लिहीत बसणाऱ्या दोघांना जवळून माहीत असावे, असा माझा तर्क. तर्कच, अधिक काही नाही.

उत्तरार्धातली पुस्तके मला कमी आवडतात, हे लपवत नाही. ‘द लॉक्ड रूम’पासून (१९७२) लेखक पात्रांच्या खांद्यावरून वाकून सरकारला बोल लावू लागतात. उपरोध कडू होत जातो, काही पोलिस अधिकारी नुसते विदूषक होतात. मात्र ‘कॉप किलर’च्या (१९७४) शेवटी कोलबर्ग राजीनामा देतो, ते खरे वाटते. सहा-सात पुस्तके आपण त्याचे वैतागणे पाहिलेले असते. ‘द टेररिस्ट्स’मध्ये स्वीडनच्या पंतप्रधानांचा खून होतो. १९८६ साली ओलोफ पाल्मे यांच्यावर खरोखरच स्टॉकहोमच्या रस्त्यात गोळी झाडली गेली, तेव्हा या पुस्तकाची आठवण निघाली. पण कादंबरीतली खुनी एक गांजलेली, कायद्याच्या चरकात सापडलेली तरुण मुलगी आहे. भविष्य वर्तवल्याच्या कौतुकात तिची कथा विसरली जाते, आणि पुस्तकातले सर्वांत चांगले तेच आहे.

बेक १९९७ पासून स्वीडिश दूरदर्शन मालिकेत नव्या कथांसह वावरू लागला. अकराव्या पुस्तकात तो काय करता, असे विचारणाऱ्यांना तेवढ्यावर समाधान मानावे लागेल.

‘द टेररिस्ट्स’मधल्या त्या मुलीच्या खटल्याच्या प्रकरणावर मी खूण केली नव्हती. परवा प्रत उघडली तर सौ.ने तिथे पेन्सिलीने ‘मा’ लिहिलेले आढळले. विचारले, तर म्हणाली, “मला वाटलं तसं.”