गप्प बसण्याचा नियम

मंडळी, 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात २०११ साली 'इनिस्ट्राड' संच आला. त्यात दोन्ही बाजू छापलेले पत्ते होते. एखाद्या पाळीत कुणीच मंत्र टाकला नाही, की माणसाचा लांडगा होई. एकाच खेळाडूने दोन टाकले, की पुन्हा माणूस. पाठ वेगळी, म्हणून पत्ता पिसताना ओळखू येतो, ही खेळाडूंची तक्रार रास्तच. पण बघा, इथे भीती चित्रात नाही, नियमात आहे. आपण गप्प बसलो, म्हणून लांडगा जागा झाला! २०२१ साली दिवस-रात्रीची वेगळी नोंद आली. एकदा सुरू झाली, की लांडगे मेले तरी डाव संपेपर्यंत ठेवायची. खेळाडू कंटाळले, ते उगाच नाही. भय गेलं, हिशेब उरला.